एका पान्याच्या दोन वाटा

१

पिवळा रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्या ओल्या पट्ट्यावर मुकादमाचं हेल्मेट उलटं पडलं होतं, आणि त्याच्या थोडं पुढे हातभर लांबीचा एक लोखंडी पाना. मुकादमाला दवाखान्यात हलवून बराच वेळ झाला होता, तरी शेडमधल्या माणसांना जागचं हलायचं सुचत नव्हतं. एरवी शेजारच्याच्या कानात ओरडल्याशिवाय बोलणं पोचायचं नाही अशी ती जागा. आज कुणी खाकरलं तरी सगळे वळून बघत होते.

पाण्याच्या पोलादी टाक्या बनवणारा तो कारखाना. शेडच्या दोन्ही लांब भिंतींवर, वर छताजवळ, एकेक रूळ. त्या दोन रुळांवर आडवा टाकलेला लोखंडी पूल म्हणजे क्रेन. हा पूल टाकीचे अवजड भाग उचलून शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचा, आणि त्याच्या एका कोपऱ्याखाली काचेच्या खोलीत बसलेला क्रेनवाला त्याच्याबरोबरच धावायचा. खाली माणसांना चालायला पिवळा पट्टा आखलेला. त्याच पट्ट्यावरून चालताना मुकादमाच्या डोक्यावर वरून पाना आदळला होता.

तपासणीला आलेल्या बाई गुडघे वाकवून पट्ट्याशी बसल्या होत्या. कारखान्यांची सुरक्षा बघणं हे त्यांचं सरकारी काम. कारखानदारांनी त्यांना पाठीमागे नाव ठेवलं होतं, पणबाई. मालकाने कितीही छातीठोकपणे सांगितलं की आमच्याकडे सगळं नियमाप्रमाणे आहे, तरी बाई सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पण..." त्या एका शब्दाने भल्याभल्यांची बोबडी वळायची. हे नाव त्यांच्याही कानावर आलं होतं. त्यांना ते मनातून आवडायचं.

"बाई, तुम्हाला उगाच धावपळ पडली," फौजदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "हा अपघात नाहीच. खुनाचा प्रयत्न आहे. माणूस ताब्यात घेतलाय."

"कोण?"

"इथला फिटर. पाना त्याचा. वार झाला तेव्हा हा वर भिंतीलगतच्या त्या सज्ज्यावर, मुकादमाच्या चार पावलं मागे उभा. पाना पाठीमागून भिरकावला हे डोळ्यांनी बघणारा साक्षीदार आहे. आणि कालच भर जेवणाच्या सुट्टीत हा मुकादमाला म्हणाला होता, 'तोच पाना डोक्यात घालीन.' सगळ्या कारखान्याने ऐकलंय. आता आणखी काय पाहिजे?"

"पण एवढं वैर कशाचं?"

फौजदाराने आवाज खाली आणला. "वैर नाही, नातं आहे. फिटर म्हणजे मुकादमाच्या बायकोचा सख्खा भाऊ."

२

फिटरला मॅनेजरच्या खोलीत बसवलं होतं. तिशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. समोर पाण्याचा ग्लास तसाच भरलेला.

"दाजी कसे आहेत?" बाई दारात दिसताच त्याने विचारलं.

"शुद्ध आलेली नाही. डॉक्टर बघतायत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी त्याला वेळ दिला. रडणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती, खरी आणि खोटीही. त्यातून काही सिद्ध होत नाही, हे त्या कधीच शिकल्या होत्या.

"काल काय बोललात?"

"बोललो ते बोललो, नाकारत नाही. दाजींना सवय आहे हो! कुठे काही खुट्ट झालं की माझ्या पिशवीत हात घालायचा, हवं ते उचलायचं, आणि परत ठेवायचं विसरायचं. मग मी शेडभर शोधत फिरणार. कामगाराची हत्यारं म्हणजे काय सार्वजनिक पाणपोई आहे का? काल डोकं सटकलं. म्हटलं, परत पिशवीला हात लावलात तर तोच पाना डोक्यात घालीन." तो थांबला. "जिभेला हाड नसतं, बाई. घरी ताईलाही मी असंच काहीबाही बोलतो. ती हसते."

"आज सज्ज्यावर काय करत होतात?"

"दाजींनीच पाठवलं होतं. त्या ठिकाणी रुळाचा सांधा वर आलाय. क्रेन त्यावरून गेली की दणका बसतो. तो बघून ये म्हणाले. वर गेलो, पिशवी उघडली, तर मोठा पाना नाही! सकाळपासूनच नव्हता म्हणा. मी मनात दाजींच्या नावाने शिव्या घालत उभा. तेवढ्यात क्रेन आली. क्रेन जवळून जाताना भिंतीकडे तोंड करून चिकटून उभं राहायचं, हा नियमच आहे. मी तसा उभा राहिलो. दणका झाला, क्रेन पुढे गेली, आणि खालून ओरडा ऐकू आला. वळून बघतो तर..."

"म्हणजे पाना तुमच्याकडे नव्हताच."

"नव्हता."

"पण हे सांगायला साक्षीदार?"

"कुणीच नाही," फिटर म्हणाला. "मी भिंतीकडे बघत होतो. भिंत काय साक्ष देणार?"

३

मुकादमाला पडताना पाहणारे दोघेच होते. एक रंगारी, दुसरा क्रेनवाला.

रंगारी शेडच्या पलीकडच्या बाजूला डबा घेऊन बसला होता. अंगावर जागोजाग पिवळे ठिपके, बोलण्यात जराही अडखळ नाही. "मी त्याच वेळी कंबर सरळ करायला उठलो होतो. वर बघितलं तर पाना हवेतून येताना दिसला. सरळ खाली नाही, पुढे झेपावत! सुरुवातीला जवळजवळ आडवा, मग वाकत वाकत खाली. चेंडू फेकल्यावर कसा येतो, अगदी तसा. आला तो मुकादमाच्या टोपीच्या मागच्या बाजूला लागला, खांद्यावरून निसटला आणि माझ्या ओल्या रंगातून घसरत गेला. आपोआप पडलेली वस्तू अशी येत नाही बाई. तो फेकलेलाच होता."

"तुमचं फिटरशी काही वाकडं?"

"छे हो! उलट मुकादमाशीच होतं. माझी रजा नाकारली होती त्यांनी. म्हणून तर खोटं सांगायचं मला कारण नाही."

ते खरंच होतं. शत्रूच्या बाजूने साक्ष देणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही.

क्रेनवाला मात्र निराळाच. साठीला टेकलेला, किडकिडीत, नजर तीक्ष्ण. आयुष्यभर उंचावर बसून खालचं सगळं टिपणाऱ्या या माणसाला शेडमध्ये सगळे घार म्हणायचे.

"कुणी काही फेकलं नाही," घार म्हणाला. "पाना माझ्या काचेसमोरून गेला. सरळ. दोरीला बांधून खाली सोडावा तसा. रेसभर पुढे नाही, रेसभर मागे नाही. रंगाऱ्याला म्हणावं, डोळे तपासून घे."

"पाना आला कुठून?"

घार किंचित घुटमळला. "ते नाही दिसलं. माझ्या डोक्यावर पत्रा आहे."

"मघाशी तुम्ही थांबलात. काही सांगायचंय का?"

"नाही," घार म्हणाला, पण त्याची घारीची नजर पहिल्यांदाच जमिनीकडे गेली.

बाहेर आल्यावर फौजदार हसला. "बघितलंत? हा म्हातारा फिटरच्या बापाबरोबर काम केलेला. पोराला वाचवायला धडधडीत खोटं बोलतोय. एक म्हणतो सरळ पडला, एक म्हणतो भिरकावला. दोघांतला एक खोटारडा आहे, आणि तो कोण हे सांगायला ज्योतिषी नको."

बाई पुन्हा पट्ट्याशी जाऊन बसल्या. ओल्या रंगात पान्याने ओढलेला फराटा स्पष्ट होता. त्यांनी आपली पट्टी त्याच्या कडेला लावली. फराटा पट्ट्याच्या कडेला अगदी समांतर, शेडच्या लांबीच्या दिशेने गेलेला. बाईंनी मान वर केली. सज्जा भिंतीला लागून होता, आणि पिवळा पट्टा भिंतीपासून चांगला आत. सज्ज्यावरून मुकादमाला नेम धरून मारायचं तर पाना भिंतीकडून आत, तिरपाच आला असता, आणि रंगातला फराटाही तिरपा उमटला असता.

"पण हा तर सरळ आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"डोक्याला लागून दिशा बदलली असेल," फौजदार म्हणाला. "संध्याकाळी मी त्याला चौकीवर नेणार. मुकादम दगावला, तर कलम बदलेल."

४

दवाखान्याच्या बाकावर मुकादमाची बायको बसली होती. मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी. दवाखान्याने अंगावरचे कपडे काढून तिच्या हातात दिले होते, आणि ती त्यातला शर्ट बाहेर काढून बाही चोळत होती. उगाचच, एका लयीत.

"हे बघा ना," ओळखदेख व्हायच्या आतच ती बाईंना म्हणाली. "सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आणि बाहीला हे काळं ग्रीस! मुकादम झाल्यापासून ह्यांनी ग्रीसला बोट लावलेलं नाही. आता हे निघायचं कसं?" मग तिचा हात थांबला. "मी काय बोलतेय? शर्टाचं काय घेऊन बसलेय?"

बाई तिच्या शेजारी बसल्या.

"पोलीस मला सांगायला आले होते," ती म्हणाली, "की तुमच्या भावाने मारलं. मी कुणासाठी रडू, सांगा. आत नवरा आहे, तिकडे भाऊ आहे. भावाला मी कडेवर घेऊन वाढवलाय. तो तोंडाचा फटकळ आहे, हाताचा नाही. लहानपणी झुरळ मारायचं तरी मला हाक मारायचा. पण हे शुद्धीवर आले नाहीत आणि तो आत गेला, तर मी..." ती पुन्हा बाही चोळू लागली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हेल्मेट होतं म्हणून वाचले म्हणे. सूज उतरली की कळेल."

बाईंनी कधी कुणाला खोटा धीर दिला नव्हता. त्या म्हणाल्या, "मला तुम्हाला काही विचारायचं नाही. पण तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही, कपडे आणायचे असतील. माझी जीप आहे. चला, घरी सोडते आणि परत आणते."

ती कशीबशी उठली. काळा डाग पडलेला शर्ट तिने घडी घालून पिशवीत ठेवला, जणू तो उद्याच घालायचा होता.

५

रस्ता मोकळा होता आणि जीप भरधाव चालली होती. मागच्या सीटवर दोघी शेजारी शेजारी. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मुकादमाच्या बायकोने ती घेतली. झाकण उघडताना ते तिच्या बोटांतून निसटलं आणि टप्पकन तिच्याच पायाशी पडलं.

ती वाकली, झाकण उचललं, पुसलं, पाणी प्यायली. बाई मात्र त्या झाकणाकडे टक लावून बघत राहिल्या.

"काय झालं?" तिने विचारलं.

"झाकण परत टाका बरं."

"अं?"

"टाका हो. मुद्दाम टाका."

तिने गोंधळून झाकण सोडलं. पुन्हा पायाशीच, सरळ.

"जीप एवढी धावतेय," बाई म्हणाल्या. "झाकण हातातून सुटल्यावर हवेत होतं. मग ते मागे का नाही राहिलं? मागच्या फळीवर जाऊन का नाही आदळलं?"

"म्हणजे काय? ते आपल्याबरोबरच चाललंय ना?"

"अगदी बरोबर! आपल्याबरोबरच चाललंय. हातातून सुटलं म्हणून त्याचा पुढे जायचा वेग सुटत नाही. तुमच्या माझ्या डोळ्यांना ते सरळ खाली पडलं. पण समजा, आत्ता रस्त्याच्या कडेला कुणी उभा आहे आणि जीप काचेची आहे. त्याला काय दिसेल? झाकण पुढे जात जात खाली आलं. वाकत, फेकल्यासारखं."

शाळेत शिकलेलं हे सगळं बाईंना ठाऊक होतंच. पण सकाळपासून त्या सगळ्यांसारख्याच एका खड्ड्यात पडल्या होत्या. दोन साक्षी जुळत नाहीत म्हणजे एक खोटी, असं त्याही धरून चालल्या होत्या. दोन्ही खऱ्या असतील तर काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

घार क्रेनबरोबर धावत होता. रंगारी जमिनीवर उभा होता. एकाला सरळ दिसावं आणि दुसऱ्याला भिरकावल्यासारखं, असं एकाच प्रकारे घडू शकत होतं. पाना सज्ज्यावरच्या उभ्या माणसाच्या हातात नव्हताच. तो क्रेनबरोबर धावत होता.

"ड्रायव्हर," बाई म्हणाल्या, "यांना घरी पोचवा. मग मला कारखान्यात सोडा, आणि परत येऊन यांना दवाखान्यात न्या. आणि जरा जोरात!"

६

घारीच्या मागोमाग बाई उभी लोखंडी शिडी चढून क्रेनच्या पुलावर पोचल्या. गुडघे कुरकुरत होते. खाली फौजदार हाताची घडी घालून उभा.

पुलाच्या कडेला चालायला अरुंद फळी होती. तिच्यावर शेडमधली बारीक काळी धूळ साचलेली. घारीच्या खोलीच्या बरोबर वर, समोरच्या काठाशी, धुळीत एक ठसा उमटला होता. लांब दांडा आणि टोकाशी जबडा. निम्मा ठसा काठाबाहेर जाऊन तुटलेला. म्हणजे पाना तिथे अर्धवट बाहेर लोंबकळत ठेवलेला होता.

"काका, हे बघितलंत?"

घारीने वाकून बघितलं आणि मान हलवली.

बाईंनी पोत्यात गुंडाळलेला तसाच एक पाना त्या ठशावर ठेवायला लावला. खाली पट्टा मोकळा करून घेतला. मुकादम पडला त्या जागी खडूने फुली मारली आणि भोवती रिकामी पोती पसरली. रंगाऱ्याला त्याच्या मूळच्या जागी उभं केलं. मग त्या खाली उतरून बाजूला उभ्या राहिल्या आणि हात हलवला.

क्रेन घरघरत निघाली. सांध्यावर आली. ठक्क! आणि पुढे निघून गेली.

पाना जागचा हलला नाही.

शेडमध्ये कुणीतरी सुस्कारा सोडला. "झालं समाधान?" फौजदार म्हणाला. त्याच्या आवाजात खोचकपणा नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. मॅनेजरच्या खोलीच्या काचेतून फिटर बघत होता. त्याने मान खाली घातली.

"पण..." बाई म्हणाल्या, आणि यावेळी त्यांच्याकडे त्या शब्दापुढे काहीच नव्हतं. हिशेब तर बरोबर होता. मग चुकलं कुठे? ठक्क. एवढासाच आवाज. फिटर म्हणाला होता, दणका बसतो. ह्याला कुणी दणका म्हणेल?

"काका!" त्या वर बघून ओरडल्या. "त्या वेळी क्रेनला काही लटकत होतं?"

"होतं की! टाकीचं झाकण होतं. चांगलं जड. आजची पहिलीच जड खेप."

"मग रिकामी क्रेन काय चालवताय? लावा ते झाकण!"

झाकण साखळ्यांना अडकवून होईपर्यंत शेडमध्ये कुणी बसलं नाही. यावेळी क्रेन निघाली ती तिच्या खऱ्या वजनानिशी. सांधा आला. धडाड्! खांब हादरले, काचा वाजल्या, आणि पुलाच्या काठावरून पोत्यातला पाना सुटला.

"सरळ पडला!" वरून घार ओरडला. "सरळ माझ्यासमोर!"

"बघा, पुढे फेकल्यासारखा आला!" त्याच क्षणी खालून रंगारी ओरडला.

दोघांचं वाक्य एकदमच संपलं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले, एक वरून, एक खालून. पाना सांध्याच्या खाली पडलाच नव्हता. तो चार पावलं पुढे, खडूच्या फुलीजवळच्या पोत्यांवर आदळला होता आणि पट्ट्याला धरून सरळ पुढे घसरला होता.

फौजदाराने टोपी काढून कपाळ पुसलं. "हे काय गौडबंगाल आहे, बाई?"

"गौडबंगाल काही नाही. दणक्याने पाना काठावरून सुटला. पण क्रेनबरोबर पुढे जायचा वेग त्याच्यात होताच, आणि तो काढून घेणारं हवेत कुणी नव्हतं. खाली ओढणारी पृथ्वी तेवढी होती. म्हणून तो पुढेही गेला आणि खालीही आला. घारकाका त्याच्याबरोबर तेवढेच पुढे जात होते, त्यांना फक्त खाली येणं दिसलं. रंगारी उभा होता, त्याला दोन्ही दिसलं. दोघेही देवासारखे खरं बोलले. आणि फिटर उभा होता सांध्यापाशी, कारण त्याला सांधाच बघायला पाठवलं होतं. हात त्याचे रिकामे होते."

फौजदाराने फुलीजवळ वाकून पाना उचलून पाहिला. मग त्याने मान वर केली.

"पटलं. पण," तो म्हणाला, आणि बाईंना हसू आलं, "मग तो पाना वर ठेवला कुणी?"

७

घार खाली उतरला तो थेट बाईंसमोर येऊन उभा राहिला. 

"सकाळचंच सांगायला हवं होतं. शिडीच्या फाटकाला कुलूप असतं. आज मी आलो तेव्हा ते उघडं होतं. मला वाटलं, काल संध्याकाळी मीच लावायला विसरलो. नोकरी जायची या वयात, म्हणून तोंड उघडलं नाही. माझ्यामुळे कुणीतरी वर जाऊन..."

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे. दुसरी मुकादमाकडे."

बाई एका उलट्या पिंपावर बसल्या. आता घाई नव्हती. "फौजदारसाहेब, जरा विचार करू या. वर जाणाऱ्याकडे किल्ली हवी. घारकाकांनी पाना ठेवला असता, तर स्वतःच्याच काचेवर पडेल असा काठावर ठेवला नसता, आणि कुलूप उघडं राहिल्याचं आत्ता आपणहून सांगितलंही नसतं. वर मी आणखी एक पाहिलं. पुलाच्या चाकावर लोखंडी झाकण आहे. त्याचे बोल्ट नुकतेच आवळलेत, डोकी चकचकीत आहेत, आणि भोवती काळं ग्रीस सांडलंय. दणक्याने झाकण सैल झालं असणार. कुणीतरी कामाला सुरुवात व्हायच्या आधी वर जाऊन ते आवळलं. वाईट हेतूने वर गेलेला माणूस बोल्ट आवळत बसत नाही."

"मग कोण?"

"ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे. ज्याला फिटरच्या पिशवीतलं हत्यार न विचारता उचलायची आणि काम झालं की विसरायची सवय आहे. आणि ज्याच्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला आज काळं ग्रीस लागलं. त्याची बायको दवाखान्यात तोच डाग चोळत बसली होती."

फौजदाराच्या तोंडाचा आ झाला. "मुकादम स्वतः?"

"स्वतःच. त्याने फिटरला सांधा बघायला पाठवलं, कारण दणक्याचा त्याला घोर लागला होता. त्याआधी आपण जाऊन झाकण आवळलं, म्हणजे ते कुणाच्या डोक्यावर पडायला नको. माणूस काळजी घेणारा आहे. फक्त पाना तिथेच राहिला."

मॅनेजरच्या खोलीचं दार उघडून फिटरला बाहेर आणलं. फौजदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटलं. फिटरला आधी कळेचना. कळल्यावर तो जमिनीवर फतकल मारून बसला आणि हसू लागला. हसता हसता हुंदके द्यायला लागला. रंगारी धावत पाणी घेऊन आला.

घारीने डोळे पुसले. "बाई, माझं कुलूप..."

"कुलूप तुम्ही काल लावलं होतं, काका. ते मुकादमाने उघडलं. पण पुढच्या वेळी उघडं दिसलं की आधी ओरडा, मग घाबरा."

तेवढ्यात मॅनेजरच्या खोलीतला फोन वाजला. दवाखान्यातून होता. सगळे जागच्या जागी थिजले. बाईंनी फोन घेतला, ऐकला, आणि ठेवला. मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

"डोळे उघडले," त्या म्हणाल्या. "बायकोचं नाव घेतलं, आणि भूक लागली म्हणाला."

८

मुकादमाच्या मानेला पट्टा होता, डोक्याला बँडेज, आणि बोलणं अजून जड. फौजदाराने अगदी थोडक्यात विचारलं.

"चाकाचं झाकण..." मुकादम पुटपुटला. "सैल होतं. आवळलं. पाना... अरे देवा." त्याने डोळे मिटले. "वरच राहिला. माझ्याच डोक्यात पडला का?"

"हो," फौजदार म्हणाला, आणि टोपी सारखी करून बाहेर निघून गेला. त्याचं तिथलं काम संपलं होतं.

फिटर दाराच्या चौकटीत उभा होता. आत यायचं धाडस होईना. ताईनेच जाऊन त्याचा हात धरला. आधी एक धपाटा घातला, मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. तिच्या पाठीचा ताण हळूहळू सुटताना बाईंना दारातून दिसत होता.

"दाजी," फिटर म्हणाला, "मी तसं बोलायला नको होतं."

"मी तुझ्या पिशवीला हात..."

"ते जाऊ द्या हो. पण मी भर सुट्टीत, सगळ्यांसमोर..."

"चूक माझी आहे रे. तू काय..."

"पुरे!" ताई कडाडली. दोघेही गप्प झाले. बाजूच्या पलंगावरचा पेशंटसुद्धा दचकला. "दिवसभर मी तुमच्या दोघांपायी एकटी मेले. आता कोणाची चूक, कोणाची नाही, हे मला ऐकायचं नाही. मी झोपणार आहे. मी उठेपर्यंत दोघांपैकी कुणी एक शब्द काढला, तर माझ्याशी गाठ आहे!"

कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय पोटाशी घेऊन ती बसली, आणि बघता बघता तिला झोप लागली. तोंड किंचित उघडं, हात मोकळे.

बाई जायला वळल्या. मागे दोन मोठे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे गपगार बसले होते. थोड्या वेळाने मुकादमाने घशाकडे बोट दाखवलं. फिटर चवड्यांवर उठला, भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून ते रुमालाने धरलं, आणि एक हात दाजींच्या मानेखाली घालून चमच्याने त्यांना पाणी पाजू लागला.